बापाचं मुंडण

विश्वंभर देवळे मठाच्या पायऱ्या चढला तेव्हा ओसरीवर अंबाडी निवडणं चाललं होतं. रोजच्यासारखीच दुपार. मठाचे गहिनाबुवा स्वयंपाक सांभाळणाऱ्या सोनाक्काला म्हणत होते, "तुझ्या भाजीत पाल्यापेक्षा देठंच जास्त असतात." सोनाक्का म्हणत होती, "दात नाहीत ते सांगा की."

मग दोघांनी मान वर केली.

विश्वंभरच्या डोक्याचा गोटा केलेला होता. मिशीही नव्हती.

सोनाक्का 'या' म्हणाली नाही.

"कधी गेली?" बुवांनी विचारलं.

विश्वंभरची आठ वर्षांची शाल्मली रक्ताच्या कॅन्सरनं दवाखान्यात होती. मठाला ते ठाऊक होतं. रिपोर्टचा फोन आला त्या सकाळी विश्वंभर तिच्या सायकलची उतरलेली चेन बसवत होता. चेन बसवून, हात धुऊन, मगच तो डॉक्टरांकडे गेला. मठातली माणसं त्याचं उदाहरण देत. कॉलेजात तो भौतिकशास्त्र शिकवायचा आणि दर गुरुवारी मठात प्रवचन करायचा. सुखदुःख समान मानावं, हा त्याचा आवडता विषय.

आता त्याच्यासमोर बुवांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यानं हे पाहिलं नव्हतं.

"बुवा, तुम्ही... रडताय?"

"मग काय करू? पोर गेली ना रे."

"गेली नाही! शाल्मली आहे. आहे ती."

बुवांनी डोळे पुसले नाहीत.

"मग हे डोकं कुणाचं?"

"तिच्यासाठी केलं. औषधानं तिचे केस गेले. आरसा दाखवला की तोंड फिरवायची. तिकडं परदेशात बाप करतात असं. म्हटलं, आपणही तिच्यासारखंच दिसावं."

"आणि मिशी?"

"तिला कुठं मिशी आहे?"

"न्हावी काही बोलला नाही?"

"नाही. मान खाली घालून केलं त्यानं."

"तो शहाणा. पोर काय म्हणाली?"

विश्वंभर ओसरीच्या कडेला बसला. वाटेत एसटीत त्यानं हे वाक्य स्वतःशी म्हणून पाहिलं होतं. तिथं जमलं होतं.

"म्हणाली, बाबा, कोण गेलं?"

"मग?"

"मी हसलो. म्हटलं, कुणी नाही गं."

"मग?"

"थोडा वेळ बघत राहिली माझ्याकडे. म्हणाली, मग... कुणी जायचंय का अजून?"

सोनाक्काच्या हातातली जुडी खाली पडली.

"तू काय सांगितलंस?"

"पाणी आणतो म्हणालो... आणि निघालो. इथं आलो."

"पाणी?"

"वृंदा आहे ना, तिची आई, तिच्यापाशी."

"वृंदा रडते का रे?"

"नाही." विश्वंभरचा आवाज जरा सावरला. "मी रडू देत नाही. आजार कळल्यापासून आमच्या घरात कुणीही रडलेलं नाही, बुवा."

"आणि हसलेलं?"

विश्वंभरनं डोक्यावरून हात फिरवला.

"दिवाळीला कंदील लावलात?"

"अशा दिवसांत कसला कंदील?"

"गोडधोड?"

"नाही."

"तळण?"

"बुवा, पोर दवाखान्यात असताना तळण कोण काढेल?"

बुवा त्याच्या डोक्याकडे बघत राहिले.

"विश्वंभरा, मी तुझ्या पोरीसाठी घटकाभर रडलो. ती जिवंत असताना. माझं चुकलं." ते सोनाक्काकडे वळले. "सोने, कढई ठेव."

सोनाक्का तशीच बसली. माणूस गेलेल्या घरात कढई चढत नाही, आणि ज्याचं माणूस गेलं त्याला कुणी तळलेलं वाढत नाही. तिच्यासमोरच्या डोक्यावर एक केस नव्हता.

"ठेव म्हणतो ना."

ती उठली. आतून तेल तापल्याचा वास आला. कांदाभजी आली, गरम. बुवांनी ताटली विश्वंभरपुढे सरकवली.

"खा."

"नको, बुवा. घशाखाली उतरणार नाही."

"गुरुवारी तासतास बोलतोस तेव्हा आमच्या तरी कुठं उतरतं? खा."

त्यानं एक भजं तोंडात घातलं. जीभ भाजली. दुसरं घातलं. तिसऱ्याला त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तोंडात घास असतानाच तो रडायला लागला, मोठ्यानं, ओरडल्यासारखा. झाडावरचे कावळे उडाले. त्याचा स्वतःचा आवाज ऐकून तोच दचकला.

कुणी त्याला थोपवलं नाही.

रडणं ओसरल्यावर बुवांनी उरलेली भजी कागदात बांधली.

"तिला बाहेरचं चालत नाही, बुवा. डॉक्टरांनी सांगितलंय."

"तिला कोण देतंय? वृंदाला दे. पोरीची आई जेवते का, ते कुणी विचारलंय?"

विश्वंभरनं पुडी घेतली. कागदाला तेल सुटलं होतं.

"पण पोरीला काय सांगू?"

बुवांनी हाताला लागलेलं तेल धोतराला पुसलं.

"मला माहीत नाही."

"तुम्हाला... माहीत नाही?"

"माहीत असतं तर मघाशी असा रडलो असतो का?"

विश्वंभर त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. इतक्या लांबून तो त्या एका उत्तरासाठी आला होता.

"मग मी कुणाला विचारू?"

बुवांनी अंबाडीची खाली पडलेली जुडी उचलून मांडीवर घेतली.

"पावणेपाचची एसटी आहे. ऊठ. पोरीनं विचारलंय, आणि अजून तिला कुणी उत्तर दिलेलं नाही."