दुखायचं थांबलं तेव्हा

"पण बाई, कातडी तर शाबूत आहे… चिरायचं कशासाठी?"

यशोधनच्या आवाजात धार होती. मोठ्या शहरात शस्त्रक्रियेची परीक्षा पहिल्या नंबराने पास होऊन तो खाडीकाठच्या या इस्पितळात आला होता. बाई म्हणजे डॉक्टर अनसूया गद्रे. सारी हयात इथेच गेलेली. बोलायच्या मोजकं.

खाटेवर जानू तांडेल तळमळत होता. जाळं सोडवताना शिंगाळा माशाचा काटा पोटरीत घुसला होता. पोटरीवर तळहाताएवढी लाली, थोडी सूज. दिसायला एवढंच. पण माणूस उशीत तोंड खुपसून ओरडत होता.

"वरवरचा संसर्ग आहे. इंजेक्शनं चालू केलीत," यशोधन म्हणाला. "उतरेल उद्यापर्यंत."

"मग ओरडतोय कशाने?"

"घाबरट आहे."

"नाय हो साहेब," पायथ्याशी उभी असलेली जानूची बायको चांगुणा पुटपुटली. "तो रडणारा माणूस नाय."

बाईंनी लालीच्या पुढे, चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर बोट टेकवलं. जानू किंचाळला. बोट गुडघ्याच्या वर गेलं. तिथेही किंचाळला.

"लाली कुठे संपली?"

"इथे."

"आणि दुखणं?"

यशोधनची नजर गुडघ्याच्या वर गेली.

"चिरून बोट घाल, आत सडतंय का बघ. आत्ता."

"आणि काही निघालं नाही तर?"

"तर टाके घालू."

तेवढ्यात बाईंना हाक आली. आत एका बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं. त्या निघून गेल्या.

यशोधनने सुरी उचलली नाही. धडधाकट माणसाचा पाय उगाच फाडायचा? रक्ताचे रिपोर्ट येऊ देत, मग बघू. तो थांबला.

बऱ्याच वेळाने बाई बाहेर आल्या, तेव्हा तो हसतच त्यांना सामोरा गेला.

"बघा बाई, थांबलंच ना! दुखायचं बंद झालंय त्याचं. शांत पडलाय."

बाई धावल्या. त्यांना धावताना यशोधनने कधी पाहिलं नव्हतं.

जानू खरंच शांत होता. चांगुणा त्याला पेजेचं पाणी पाजत होती. पोटरीवर जांभळा फोड आला होता. बाईंनी सुई काढली आणि पोटरीत टोचली.

जानू छताकडे बघत राहिला.

"दुखलं का रे, जानू?"

"काय, बाई?"

यशोधनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"दुखणं गेलं नाही," बाई हळूच म्हणाल्या. "दुखणं सांगणारं मेलं."

शस्त्रक्रियेच्या टेबलाशी बाईंनी सुरी त्याच्याच हातात दिली.

"तू."

त्याने चिरलं. रक्त आलं नाही. तांदळाच्या धुवणासारखं गढूळ पाणी आलं, आणि वास.

"बोट घाल."

कातडी आणि मांस यांच्या मधून बोट वर सरकत गेलं. कुठे अडेना.

"कुठवर जातंय?"

"जातंच आहे… बाई."

"तिथवर काप."

तो कापत गेला. आतलं सगळं राखाडी, निर्जीव. गुडघ्याशी त्याचा हात थांबला.

"बाई, एवढा तरी राहू दे. होडीवर उभं राहायचंय त्याला."

"रक्त येतंय?"

"नाही."

"मग तो आता त्याचा पाय नाही."

मांडीत बऱ्याच वर रक्ताचा पहिला थेंब दिसला. यशोधन थांबला. घाम पुसायच्या निमित्ताने त्याने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. सडणं आणखी वर चढलं होतं. पाय मांडीपासून काढावा लागला. तोवर विष अंगभर भिनलं होतं. लघवी बंद झाली, रक्तदाब काही केल्या वर येईना. भर दुपारी, खाडीला भरती असताना जानू गेला.

चांगुणाने यशोधनपुढे हात जोडले.

"तुमी लय केलंत, साहेब."

तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. तो येऊन उभा राहिला.

"तुम्ही सांगितलं तेव्हाच चिरलं असतं, तर… वाचला असता?"



"कदाचित."

"तुम्ही रागावतसुद्धा नाही माझ्यावर."

त्याने आपले तळहात पाहिले.

"मी सुरी खाली ठेवतो, बाई. हे हात या कामाचे नाहीत."

आतून बारीक कण्हणं ऐकू येत होतं. बाईंनी मान तिकडे वळवली.

"शेवटच्या खाटेवरची म्हातारी आहे," त्या म्हणाल्या. "आधी तिच्यापाशी जाऊन बस, कुठे दुखतंय ते ऐक… मग ठेव सुरी."