भरल्या वाटीची कहाणी

ऐका अन्नपूर्णामाते, तुमची कहाणी. आटपाट नगर, नगराला राजा, राजाला धान्याची कोठी. कोठी एवढी थोरली की या दारानं शिरलेला उंदीर त्या दारानं म्हातारा होऊन बाहेर पडे. कोठीवर पाखडणाऱ्या बायका होत्या, त्यांच्यावर मुकादमीण होती भिवरा. भिवरेच्या सुपाचं नाव नगरभर झालेलं. तिनं सूप हाणलं की फोल एकीकडं, दाणा एकीकडं. ती म्हणे, "राजाच्या भातात खडा लागला तर माझं नाक कापा." नाक शाबूत होतं.

भिवरेला नवरा नव्हता, एक लेक होती, तानू. ती लांबच्या गावी दिली. निघताना तानूनं आईच्या हातात पिंजरा दिला. आत राघू. म्हणाली, "आई, सासरी याला नेऊ देत नाहीत. तू दिवसभर कामावर, मला का ठाऊक नाही? पण याला सांभाळ. रंगपंचमीला येईन तेव्हा हा माझ्या हातावर बसला पाहिजे."

भिवरा म्हणाली, "अगं, अख्ख्या नगराचं पोट माझ्या सुपातून भरतं. एवढंसं पाखरू मला जड झालं होय?"

राघू लहानग्या तानूबरोबर वाढलेला. बोले तो तिच्याच आवाजात. तानू पोरवयात दारात पदर धरायची आणि म्हणायची, "आई, भूक लागली." तेच राघू म्हणे, तस्संच म्हणे. ऐकलं की भिवरेला हसू येई.

पहाटे कोठीवर घंटा होई. भिवरा उठे, राघूच्या तांब्याच्या वाटीत करडई ओती, शिगोशीग भरी. म्हणे, "वाटी भरली राघू, जेव हो." कडी लावी, जाई. ती दिवेलागणीला परत येई. दिवसभर राघू एकटा. कट्कट् दाणे फोडी आणि दाराकडं बघत बसे.

मग सुगी आली. कोठीवर गाड्यांमागं गाड्या लागल्या. भिवरा वेणी न घालता पळू लागली.

पहिल्या दिवशी तिनं वाटी बघितली. कालची तशीच शिगोशीग. राघू म्हणाला, "आई, भूक लागली." भिवरा हसली. "लबाडा, वाटी भरली आहे की!" दारात एक म्हातारी बसलेली, हातात काठी, पाठीला पोक. म्हणाली, "माये, घरातला पाहुणा जेवला का?" भिवरा म्हणाली, "वाटी भरलेली दिसत नाही? डोळ्यांत फूल पडलंय का, म्हातारे?" कडी लावली, गेली.

दुसऱ्या दिवशी वाटी बघितली. तशीच शिगोशीग. राघू म्हणाला, "आई..." पुढचं बोलला नाही. म्हातारी दारात होतीच. "माये, पाहुणा जेवला का?" भिवरा म्हणाली, "खाऊन उरतंय त्याला, माजलाय मेला. सर बाजूला. राजाची कोठी तुझ्यासारखी रिकामी बसत नाही." कडी लावली, गेली.

तिसऱ्या दिवशी दारात निरोप्या आला. "तानूबाई उद्या पंचमीला येताहेत. राघूला सांगा म्हणाल्या." भिवरेला आनंद झाला. पिंजऱ्याकडं न बघताच ओरडली, "राघू, तानू येते रे! वाटी भरली ना?" आतून आवाज आला, "वाटी भरली." भिवरा म्हणाली, "ऐकलंस, म्हातारे? आता तोच सांगतोय." म्हातारीनं काठी पिंजऱ्याकडं केली. भिवरेनं कडी लावली, गेली.

कोठीवर गेली, सूप घेतलं, गहू घेतला, पाखडायला लागली. एकदा हाणलं, गहू उडाला. दुसऱ्यांदा हाणलं, गहू उडाला. तिसऱ्यांदा हाणलं, सूप रिकामं! भिवरा बघतच राहिली. दुसरं पोतं सोडलं. तेच. तिसरं सोडलं. तेच. बाकीच्या बायकांच्या सुपांतही तेच. सगळी कोठी फोल!

मग राजाला वर्दी गेली. राजा धावत आला, एका पायात जोडा, एक पाय अनवाणी. म्हणाला, "भिवरे, कोठी खाल्लीस काय माझी?"

भिवरा म्हणाली, "महाराज, मी कशाला खाऊ? पोती बघा, तोंडापर्यंत भरलीत."

राजा म्हणाला, "भरलेली मलाही दिसतात. आत काय आहे ते बोल!" त्यानं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. मूठ उघडली. नुसती टरफलं.

भिवरा त्या मुठीकडं बघत राहिली. भरलेली दिसतात. आत काय आहे? कट्कट् दाणे फोडणारी चोच तिला दिसली. फोडून गर खाल्लान, मग टरफल कुठं टाकलंन? वाटीतच की गं बाई!

"अगं आई गं!" भिवरा एवढ्यानं किंचाळली की राजाच्या हातची मूठ सुटली. राजाला मुजरा नाही, काही नाही, ती हातातलं सूप घेऊन पळत सुटली. राजा आ वासून उभा.

ती घरी आली. म्हातारी उंबऱ्यावर बसलेली. भिवरेनं कडी काढली. राघू दांडीवर नव्हता. पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला, पिसं विस्कटलेली, मान एका बाजूला. वाटी तशीच शिगोशीग. भिवरेनं वाटी उचलली. हलकी! कापसासारखी हलकी! तिनं वाटी तोंडाशी धरली आणि फुंकर मारली, फू!

पांढरी टरफलं उडाली. तिच्या केसांत अडकली, डोळ्यांत गेली, घरभर झाली. वाटीत एक दाणा उरला नाही. घासलेलं तांबं लखलखलं आणि त्यात भिवरेला आपलंच तोंड दिसलं.

म्हातारी म्हणाली, "राजाचं पाखडलंस, परक्यांचं पाखडलंस. घरचं पाखडलं नाहीस."

भिवरा कपाळ बडवू लागली. "सांगत होता गं तो! तानूच्या आवाजात सांगत होता, आणि मी हसले!" तिनं राघूला ओंजळीत घेतलं. राघूनं अर्धा डोळा उघडला. आणि चोच हलवून, भिवरेच्याच आवाजात, हळूच म्हणाला, "वाटी भरली. जेव हो."

भिवरेला आपलेच बोल असे कधी चावले नव्हते.

मग तिनं म्हातारीचे पाय धरले. "आजी, याला वाचव. मी कोठी सोडते, घरी बसते."

म्हातारी खेकसली. "कोठी सोडायला तुला सांगितलं कुणी? घरी बसून उपाशी ठेवणाऱ्या मी थोड्या बघितल्यात? फुंकर मारायला किती वेळ लागतो गं? वसा देते, तो घे. उजाडायच्या आत उठावं. वाटी पालथी करावी, फुंकर मारावी, बोट घालून तळ बघावा. मग ताजा दाणा घालावा. नुसत्या दाण्यावर ठेवू नये, पेरूची फोड द्यावी, हिरवी मिरची द्यावी, भिजले हरभरे द्यावेत. ओलं ते आपल्यासमोर खाऊ घालावं, उरलं की उचलावं, ते आंबतं. पाणी बदलावं. मग खुशाल कामाला जावं. परत आल्यावर आधी फुंकर, मग चूल. वरचं बघू नको, तळ बघ. घेतला वसा टाकू नको."

भिवरेनं भिजले हरभरे वाटले. बोटावर घेतले. पहिलं बोट लावलं, चोच मिटलेली. दुसरं बोट लावलं, घास ओघळला. तिसरं बोट लावलं, राघूनं जीभ हलवली आणि घास गिळला. भिवरेनं वर बघितलं तर उंबऱ्यावर म्हातारी नाही. काठी नाही. उंबऱ्यावर मूठभर गहू, टपोरा, पिवळाजर्द. ती अन्नपूर्णा होती!

इतक्यात राजा आला, मागं सगळ्या बायका. "भिवरे, कोठी पुन्हा दाण्यानं भरली! हे झालं काय?"

भिवरेनं काही लपवलं नाही, सगळं सांगितलं. मग म्हणाली, "महाराज, चूक माझी. पण पहाटेची घंटा आणि दिवेलागणीची घंटा, मध्ये काही नाही. घरी कुणाची पोरं आहेत, कुणाची म्हातारी आहे, कुणाचं पाखरू आहे. मधली घंटा द्या, घरी डोकावून येऊ."

राजा म्हणाला, "आणि दिली नाही तर?"

भिवरा म्हणाली, "तर पुन्हा हात घालून बघा पोत्यात."

राजानं मधली घंटा दिली. आणि त्या रात्रीपासून म्हणे तो आपल्या ताटातही फुंकर मारून बघू लागला. राणीला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी पंचमी. तानू आली. राघू दांडीवर होता, पण रोडका, पिसं झडलेली. तानू चरकली. "आई, हा असा का झाला?" भिवरेनं मान खाली घातली. "मी उपाशी ठेवला गं. वाटी भरलेली बघितली, तळ बघितला नाही." तानूला लहानपणचं दार आठवलं, हातातून सुटणारा आईचा पदर आठवला. तिनं पिंजऱ्यात हात घातला. राघू डुलत डुलत आला, तिच्या हातावर बसला. तानू म्हणाली, "राघू, वाटी भरली का रे?"

राघू म्हणाला, "आधी फुंकर मार."

मायलेकी हसल्या. हसता हसता रडल्या. मग दोघींनी मिळून फुंकर मारली.

अन्नपूर्णामाता भिवरेला जशी उशिरा का होईना पावली, तशी तुम्हां आम्हां वेळेवर पावो. आपल्या भरवशावर असलेला कुठलाही जीव भरल्या वाटीपाशी उपाशी न राहो. फोल उडालं, दाणा राहिला. ही साठां दाण्यांची कहाणी पांचां दाण्यांत सुफळ संपूर्ण.