शरयूने धुतलेले खडक

एका बंदराच्या गावी एकदा एक वृद्ध मत्स्यपालक राहत होते. समुद्रातले मासे काचेच्या टाकीत जगवणे ही त्यांची विद्या. गाव त्यांना आबा म्हणत असे. त्यांची शिष्या शरयू हाताने चपळ, बुद्धीने तल्लख. स्वच्छतेच्या बाबतीत मात्र अशी, की धुतलेले भांडे पुन्हा धुतल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

गावातले एक व्यापारी तीन महिन्यांसाठी परदेशी निघाले. त्यांच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती आणि तिच्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची एक जोडी. शेटजींचा त्या जोडीवर भारी जीव. "आबा, ही तुमच्या हवाली," एवढे सांगून ते गेले. आबांनी ती शरयूच्या हवाली केली.

शरयूने टाकीत डोकावून पाहिले. आतले खडक तपकिरी, शेवाळलेले, खाचाखाचांत गाळ साचलेला. तिने कपाळाला हात लावला. एके सकाळी तिने सगळे खडक बाहेर काढले, नळाखाली धरले आणि नारळाच्या काथ्याने खसाखसा घासले. साबण तेवढा लावला नाही, कारण साबण माशांना बाधतो हे तिला ठाऊक होते. तेवढे जपले म्हणजे झाले, असा तिचा समज. दुपारपर्यंत टाकी अशी उजळली, की तिला स्वतःचेच कौतुक वाटले.

चौथ्या दिवशी पाणी तांदळाच्या धुवणासारखे गढूळ झाले. मासे वर येऊन धापा टाकू लागले. शरयूने धावतच आबांना गाठले.

"आबा, सगळं इतकं स्वच्छ केलं होतं हो! आता ते जगत नाहीत असं वाटतंय. तुमच्या टाकीत नेऊ का त्यांना?"

"या अवस्थेत हलवलेस तर वाटेतच जातील. चल," आबा म्हणाले.

त्यांनी समुद्राचे ताजे पाणी आणवले आणि टाकीतले निम्मे पाणी बदलले. मग आपल्या जुन्या टाकीतला सर्वांत मळकट खडक ओल्या पोत्यात गुंडाळून आणला आणि न धुता, न पुसता, त्या पांढऱ्याशुभ्र खडकांच्या मधोमध ठेवला.

शरयूला राहवले नाही. "आबा, आधीच पाणी नासलंय. त्यात आणखी ही घाण कशाला?"

आबा टाकीसमोर स्टूल ओढून बसले.

"अगं, तू घाण काढलीस ते ठीकच. पण तिच्याबरोबर वस्तीही उठवलीस. या खडकांच्या भोकाभोकांतून डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. माशांची घाण तेच पचवतात. ते खाऱ्या पाण्यातले. नळाचं गोडं पाणी त्यांना विषासारखं. तू घासत होतीस तेव्हा ते मेले आणि जागच्या जागी कुजले. खडक स्वच्छ दिसले, टाकी मात्र घाण झाली. हा मळका खडक म्हणजे विरजण समज. यातले जीव आता बाकीच्या खडकांवर पसरू देत."

"मग साफ करायचंच नाही का?"

"करायचं तर! साचलेला गाळ पिचकारीने हलकेच उडवायचा आणि नळीने ओढून घ्यायचा. शेवाळ फारच माजलं, तर टाकीतूनच काढलेल्या खाऱ्या पाण्यात तो एक खडक घासायचा. बाकीच्यांना त्या दिवशी हात लावायचा नाही. झाडू हातात घेणाऱ्याला घाण कुठे संपते आणि कुणाचं घर कुठे सुरू होतं, हे कळलं पाहिजे."

शरयूला रडू आले. आबांनी तिला रडू दिले. पुढचे तीन आठवडे ती रोज समुद्राचे पाणी आणून थोडे थोडे बदलत राहिली. हात भरून येत, पण तक्रार म्हणून नाही. एके दिवशी दोन्ही मासे तिच्या बोटामागे काचेजवळ आले, तेव्हा तिला झालेला आनंद तिच्या चेहऱ्यावर मावेना. खडक हळूहळू तपकिरी होत गेले, कुठे कुठे जांभळी पुटे चढली, आणि तिला ते रंग चक्क आवडू लागले.

शेटजी परतले. आल्या आल्या टाकीपाशी गेले, जोडी पाहून सुखावले. मग त्यांची नजर मधल्या खडकावर गेली. "काय शरयू, हा एवढा धुवायचा राहिला वाटतं?"

शरयूने आधी आपली चूक काही न लपवता सांगितली. मग खडकाची एक बाजू दाखवली. तिथे रुपयाएवढी जागा लख्ख होती आणि तिच्यावर नारिंगी अंडी दाटीने चिकटली होती. नर पंखांनी त्यांना वारा घालावा तसे पाणी घालत होता.

"अंडी घालण्याआधी दोघांनी मिळून तोंडाने घासली ही जागा," शरयू म्हणाली. "अंड्यांना लागेल एवढीच. बाकीच्या खडकाला त्यांनी हात लावला नाही, शेटजी."

शेटजी वाकून पाहत राहिले. आबा मागे उभे होते. या खेपेला समजावून सांगण्यासारखे त्यांच्याकडे काही उरले नव्हते.