गळती सांगणाऱ्याचा गूळ

नद्यांना पूल नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. एका नदीकाठी नावा बांधणाऱ्या सुतारांचं आवार होतं आणि त्याच्या कुंपणाला लागून एका बाईचं घर. “मला काय करायचंय मेलं!” असं म्हणत म्हणत ती दिवसभर कुंपणाशीच असायची. एका सकाळी पलीकडच्या कुणा सुताराचं बोलणं तिच्या कानावर पडलं, “नवी नाव बुडणार बघ. भोक आपल्यातल्याच कुणी...” पुढचं हातोड्यांच्या आवाजात विरलं.

झालं! बाईच्या हातातलं सूप हातातच राहिलं.

या सुतारांची नाव आजवर कधी बुडाली नव्हती. आपण भरलेला फळ्यांमधला सांधा आपण तपासायचा नाही, अशी त्यांची रीत. नावेत पाणी ओतायचं आणि दुसऱ्याचा सांधा बघायचा. थेंब दिसला की ओरडायचं, “गळतंय रे!” मग ज्याचा सांधा गळला, त्यानेच ओरडणाऱ्याला गुळाचा खडा द्यायचा. वर चिडवाचिडवी. “काका, आज अख्खी ढेप आणायची होती!” कुणाला राग येत नसे.

पण काही महिन्यांपूर्वी राजाचा नवा कारभारी आला. “चुका करता आणि वर गूळ खाता? यापुढे ज्याचा सांधा गळेल, तो घरी बसेल.”

त्या दिवसापासून कुणाचाच सांधा गळेना. कारभारी खूश. कुंपणापलीकडचं हसणं मात्र थांबलं होतं, हे बाईला बरोबर कळलं होतं.

आज ते अर्धवट बोलणं ऐकून ती धावतच घाटावर गेली. नवी नाव सुटायच्या बेतात होती. पाण्याला ओढ होती. नावेत बायका, पोरं, म्हातारी माणसं. धाकट्या सुताराची गरोदर बायकोही माहेरी निघालेली.

“थांबा! नावेला कुणीतरी भोक पाडलंय!”

नवी नाव बघायला राजा कारभाऱ्याला घेऊन घाटावर आला होता. त्याने तलवार उपसली. “कुणी पाडलं? बोला, नाहीतर सगळ्यांना तुरुंगात टाकतो!”

सुतार माना खाली घालून उभे. कारभारी हसला. “महाराज, बायकांच्या गप्पा या! एकही सांधा गळत नाही. सोडा रे दोर!”

नावाड्याने दोराला हात घातला. बायकोने धाकट्याकडे बघून हात हलवला.

“दोर सोडू नका!” धाकटा किंचाळला. “गळतंय!”

“कुणाचा सांधा?” थोरल्या सुताराने विचारलं.

ज्याने धाकट्याला हातोडी धरायला शिकवली, तोच विचारत होता. “काका... तुमचा. तळाचा. तुम्हाला घरी बसवतील, म्हणून बोललो नाही.”

थोरल्याने कनवटीला हात घातला. कधीचा जपलेला, मऊ पडलेला गुळाचा खडा काढून त्याने धाकट्याच्या हातावर ठेवला.

“घे. उशीर केलास, लेका.”

तोवर दुसरा सुतार तिसऱ्याला म्हणाला, “तुझाही गळतोय, उजवीकडचा.” तिसरा म्हणाला, “ठाऊक आहे. आणि तुझा पुढच्या टोकाजवळचा.”

माणसं भराभर उतरवली. तळाच्या फळ्यांवर पाणी चढू लागलं होतं. राजाने तलवार म्यान केली, कारभाऱ्याचा हुकूम रद्द केला आणि त्याला सांगितलं, “यापुढे सुतारांचा गूळ तुमच्या घरून येईल.”

बाईची बातमी अर्धीच खरी निघाली. भोक होतं. ते आपल्यातल्याच कुणी पाडलं नव्हतं, आपल्यातल्याच सगळ्यांनी झाकलं होतं.

जिथे चूक सांगायची भीती वाटते, तिथे चांगल्या कारागिरांची नावही बुडते.