चौथ्यांदा उघडणारं खातं

प्राचार्य दिघावकरांच्या खात्यावरून परीक्षा रद्द झाल्याची खोटी सूचना गेली, आणि संशय आला कॉलेजचं नेटवर्क सांभाळणाऱ्या वसुधा ठोंबरेवर. चौकशी प्राचार्यांच्याच केबिनमध्ये झाली. चौकशी समितीत मीही होतो.

"पासवर्ड फक्त माझ्या डोक्यात असतो, आणि माझं बोट कधी चुकत नाही," प्राचार्य म्हणाले. "सर्व्हर तुमच्या ताब्यात. राजीनामा द्या, बाई."

लॉगिनच्या लाखो नोंदींतून हवी ती शोधता यावी म्हणून वसुधाने नुकताच एक डॅशबोर्ड उभारला होता. तिने त्यात प्राचार्यांचं नाव टाकलं. वर्षभर रोज सकाळी याच केबिनमधल्या संगणकावर पासवर्ड तीनदा चुकलेला, चौथ्यांदा बरोबर. फक्त सूचना गेली त्या दिवशी, याच संगणकावर, पहिल्याच वेळी बरोबर.

"सर, अहवालात काय लिहू?" तिने शांतपणे विचारलं. "आपलं बोट कधी चुकत नाही, म्हणून सूचना आपणच पाठवली? की रोज तीनदा चुकतं, म्हणून त्या दिवशी इथे दुसरंच कुणी बसलं होतं?"



"दुसरं लिहा," प्राचार्य म्हणाले, आणि टेबलावरची काच उचलून तिच्याखालची पासवर्डची चिठ्ठी त्यांनी खिशात घातली.