सहकारसम्राटांचा लांबलचक पत्ता

साखर कारखान्याचे चेअरमन गुणवंतराव हट्टालाच पेटले, की कारखान्याच्या वेबसाइटच्या पत्त्यात सहकारसम्राटापासून विकासमहर्षीपर्यंत आपल्या सगळ्या पदव्या हव्यातच. पत्ता मारुतीच्या शेपटीसारखा वाढला आणि सर्व्हरने तो 'फार लांब' म्हणून दारातूनच परत पाठवला; साइट उघडेना.

साइट बनवणाऱ्या हेमांगीवर ते कडाडले, "संध्याकाळपर्यंत उघडली नाही, तर तुझी नोकरी गेली!"

हेमांगी शांतपणे म्हणाली, "साहेब, घरी वहिनीसाहेब तुम्हाला काय हाक मारतात?"

"'अहो' म्हणतात."

"एवढ्याशा हाकेवर जाता?"

"धावत जातो! न जाऊन चालेल का?"

"मग बघा. खरी सत्ता असली, की दोन अक्षरं पुरतात."

गुणवंतराव खोकले. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "काढ त्या पदव्या. आणि हे आमच्या घरी बोलू नकोस."