वळणावरचे बगळे

बैल आणि घोडे एकमेकांशी बोलायचे, त्या काळातली गोष्ट. तुळसाने बापाचा एका बैलाचा छकडा नुकताच हाती घेतला होता. महिनाभर ती रोज सकाळी रिकामा छकडा घाट उतरवायची आणि परत चढवायची. सुरुवातीला तिने कासरा इतका ओढला, की म्हाताऱ्या हरण्या बैलाचं नाक सोलून निघालं.

त्याच घाटातून जाणाऱ्या एका टांग्याचा घोडा हरण्याला बघून खिदळायचा. "रोज तोच घाट, तोही रिकामा! आमच्या मालकाने सोमवारी टांगा घेतला आणि मंगळवारी माणसं भरली."

हरण्या म्हणायचा, "हल्ली कासरा मला जाणवतसुद्धा नाही."

बाजाराच्या दिवशी छकडा आणि टांगा दोन्ही भरून निघाले. मोठं वळण यायच्या आधीच तुळसाने छकडा हळू करून कडेला घेतला. समोर रस्ता मोकळा होता.

"ए पोरी, झोपलीस काय?" टांगेवाला ओरडला आणि चाबूक उडवत पुढे गेला.

वळणापलीकडे रस्ताभर म्हशी होत्या. टांगा चरात कलंडला. माणसं वाचली, चाक मोडलं.

तुळसाने धावत जाऊन घोड्याला सोडवलं. तो हरण्याला म्हणाला, "डोंगराआडच्या म्हशी हिला दिसल्या तरी कशा?"

"म्हशी नाही दिसल्या. वळणावर बगळे उडाले, ते दिसले. म्हशी असल्या की बगळे असतात, हे ती महिनाभर बघत आलीय."

चार दिवसांनी चाक बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी छकड्याच्या मागोमाग टांगाही घाट उतरत होता. रिकामा.